न बोललेले कोणाच्या नावावर

‘य हा प्रामाणिक मनुष्य आहे, त्याने ख चे घड्याळ कधीच चोरलेले नाही.’ १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीची व्याख्या करणारे जे ४९९ वे कलम होते, त्याखालच्या उदाहरणांत क नावाच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य घातलेले आहे. नुसत्या शब्दांकडे पाहिले तर ही स्तुती आहे. पण घड्याळ य नेच चोरले असा लोकांचा समज व्हावा म्हणून क असे बोलला असेल, तर ती बदनामी होय, असे कायदा सांगतो. पुढची दोन उदाहरणे याच घड्याळाची आहेत. एकात, घड्याळ कोणी चोरले असे विचारताच क तोंडाने काहीच न बोलता य कडे बोट दाखवतो. दुसऱ्यात, य घड्याळ घेऊन पळत असल्याचे चित्र तो काढतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमाचा क्रमांक ३५६ झाला, तरी घड्याळ अजून सापडलेले नाही आणि य वरचा संशयही गेलेला नाही.

माझे काम इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे आहे. आधी वृत्तपत्राच्या डेस्कवर आणि नंतर न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतरात मला सर्वांत जास्त थांबवले असेल, तर ते आडून बोलण्यासाठी इंग्रजीत असलेल्या क्रियापदांनी. हिंट, सजेस्ट, इम्प्लाय, इन्सिन्युएट, अल्यूड, इंटिमेट ही सगळी मंडळी शब्दकोशात एकाच अंगणात बसलेली दिसतात आणि त्यांच्यासमोर फिरवून फिरवून ‘सुचवणे’, ‘सूचित करणे’, ‘अप्रत्यक्षपणे सांगणे’ हेच प्रतिशब्द दिलेले असतात. रात्री पान सोडायची घाई असते तेव्हा ‘सूचित केले’ लिहून मोकळे होता येते. व्याकरणाची चूक निघत नाही आणि वाचकही तक्रार करत नाही.

तरीही त्यात काहीतरी सांडते. या क्रियापदांमधला फरक सर्वसाधारणपणे किती आडून बोलले, कमी की जास्त, असा समजावला जातो. मला तो फरक वेगळ्या ठिकाणी दिसतो. जी गोष्ट बोललीच गेली नाही ती कोणाच्या खात्यावर मांडायची, हे ही क्रियापदे ठरवतात. बोलणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या, की निव्वळ वाक्याच्या? शिवाय हे क्रियापद बोलणारा स्वतः क्वचितच निवडतो. ते निवडतो तिसराच कोणीतरी, म्हणजे बातमीदार, वकील, चरित्रकार किंवा घरातली भांडणे दुसऱ्या दिवशी फोनवर सांगणारी व्यक्ती.

समजा, एखादे पुढारी सभेत म्हणाले, ‘चौकशी समितीच्या अध्यक्षांना नेमकी याच वर्षी आमच्या तालुक्यात जमीन का घ्यावीशी वाटली, एवढेच मी विचारतो.’ या वाक्यात आरोप नाही. आहे तो प्रश्न, आणि प्रश्न विचारायला कोणाची बंदी नाही. आता इंग्रजी बातमीदार काय लिहील ते पाहावे. त्याने ‘हिंट’ वापरले, तर पुढाऱ्यांना काही माहीत आहे आणि ते थोडे उघड करू पाहत आहेत, असे चित्र उभे राहते. ‘सजेस्ट’ वापरले, तर एक शक्यता मांडली गेली, एवढेच होते. ‘इम्प्लाय’ म्हटले, तर वाक्यातून तो अर्थ निघतो, मग पुढाऱ्यांच्या मनात काहीही असो. आणि ‘इन्सिन्युएट’ म्हटले, की बातमीदाराने निकाल देऊन टाकला: पुढारी लबाडीने, पुरावा नसताना, अंगाशी येऊ नये अशा बेताने चिखल उडवत आहेत. वाक्य तेच, सभा तीच. पण चार बातम्यांत चार पुढारी दिसतील.

‘इन्सिन्युएट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘सिनुस’ हा शब्द आहे, ज्याचा अर्थ वळण किंवा घडी. वळणे घेत आत शिरायचे, हे त्याचे काम. त्यामुळेच एखादा माणूस हळूहळू कोणाच्या मर्जीत शिरतो तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. हे क्रियापद माणूस प्रथमपुरुषी जवळजवळ कधीच वापरत नाही. ‘मी हिंट देतो आहे’ असे कोणी हसत म्हणेल; ‘मी इन्सिन्युएट करतो आहे’ असे कोणी म्हणत नाही, म्हणतो तो फक्त नाकारताना. ‘तुम्हाला नक्की काय सुचवायचे आहे?’ हा रागाचा प्रश्न, आणि ‘छे, मी काहीही सुचवत नाही’ हे त्याचे उत्तर, या जोडीत या शब्दाचे बहुतेक आयुष्य जाते. दुसरी खूण अशी की त्याला माणूसच कर्ता लागतो. आकडे, पुरावे, पावलांचे ठसे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या या सगळ्या ‘इम्प्लाय’ करू शकतात, ‘सजेस्ट’ही करतात; आकड्यांना ‘इन्सिन्युएट’ करता येत नाही, कारण आकड्यांना आकस नसतो.

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांच्याबद्दल इंग्रजीच्या शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या एक नियम घोकून घेतला आहे: बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. नियम सोपा आहे आणि तो पाळावा असे माझेही मत आहे, पण तो पुरातन आहे असा समज करून घेऊ नये. सोळाव्या शतकात टॉमस मोर यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने ‘इन्फर’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरलेले आहे, आणि त्यावरून नाके मुरडण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकात रुळली. माझे मत इतिहासावर बेतलेले नाही, उपयोगावर आहे. भांडण मिटवायचे असेल, तर ‘तू तसे सुचवलेस’ आणि ‘मी तसा अर्थ काढला’ ही दोन वाक्ये वेगवेगळी असायला हवीत. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर जबाबदारी कोणाची हे सांगायचे राहूनच जाते.

‘हिंट’ हा शब्द त्या मानाने सालस. जुन्या इंग्रजीतल्या ‘पकडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते, आणि शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत नायक ‘या हिंटवरून मी बोललो’ अशा आशयाचे वाक्य उच्चारतो तेव्हा त्याला ‘संधी’ असा अर्थ अभिप्रेत आहे, असे टीकाकार सांगतात. नायिका डेस्डेमोना म्हणते की माझ्यावर प्रेम करणारा तुमचा एखादा मित्र असेल तर त्याला तुमचीच कहाणी सांगायला शिकवा, म्हणजे तो मला जिंकील; हे ऐकल्यावर तो बोलतो. आजचा अर्थ मनात धरून वाचले, तरी तो प्रसंग चपखल बसतो, कारण ‘हिंट’ देणाऱ्याला ती कळावी असेच वाटत असते. मराठीतही हा शब्द आता परका राहिलेला नाही. कोडे सुटेना की मुले ‘हिंट द्या ना’ म्हणतात, आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ‘ती कधीची हिंट देतेय, यालाच कळत नाही’ हे वाक्य कोणत्याही पिढीला समजते. ‘अल्यूड’मध्ये मूळ धातू खेळण्याचा आहे, नाव न घेता दोघांना माहीत असलेल्या गोष्टीला नुसता स्पर्श करून पुढे जायचे. मराठी बातम्यांमध्ये त्यासाठी ‘रोख’ हा फार चांगला शब्द आहे. ‘त्यांचा रोख कोणाकडे होता हे सांगण्याची गरज नाही’ असे लिहिले की काम भागते.

‘इंटिमेट’ या क्रियापदाची गंमत मात्र आपल्याच कचेऱ्यांमध्ये आहे. ब्रिटनमधल्या आजच्या लेखनात ते बहुधा हळुवारपणे सुचवण्यासाठी येते: एखादे राजनैतिक अधिकारी भेटीची शक्यता ‘इंटिमेट’ करतात, म्हणजे स्पष्ट न सांगता कानावर घालतात. आपल्याकडे मात्र त्यात हळुवार काहीही नाही. थकबाकी पंधरा दिवसांत भरावी अन्यथा कारवाई होईल, हे सभासदांना ‘इंटिमेट’ केले जाते. विमा कंपनीला अपघाताचे ‘इंटिमेशन’ द्यावे लागते आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. भारतीय इंग्रजीची टिंगल करणाऱ्यांना हे उदाहरण हटकून आठवते. पण मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘जाहीर करणे, कळवणे’ असाच आहे आणि स्कॉटलंडमध्ये चर्चमधल्या सूचनांना अजूनही ‘इंटिमेशन’ म्हणतात. तेव्हा आपल्या हेडक्लार्कने काही बिघडवलेले नाही. त्याने जुना अर्थ फायलीत नीट लावून ठेवला आहे.

या शब्दांच्या गर्दीला कंटाळून एका तत्त्वज्ञाने त्यांना सरळ बाजूलाच सारले होते. पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत ‘इम्प्लिकेचर’, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, ही संज्ञा मांडली, आणि त्यातले संभाषणाविषयीचे प्रकरण १९७५ मध्ये छापून आले. नवी संज्ञा कशासाठी, याचे कारण त्यांनी स्पष्ट दिले आहे: दर वेळी या क्रियापदांच्या कुटुंबातले नेमके कोणते घ्यायचे हा प्रश्न पडू नये म्हणून. त्यांचे पहिलेच उदाहरण वाचताना मला दंड संहितेतले घड्याळ आठवल्याशिवाय राहत नाही. बँकेत लागलेल्या ओळखीच्या माणसाचे कसे काय चालले आहे असे कोणी विचारतो, तेव्हा उत्तर मिळते की बरे चालले आहे, सहकारी त्याला आवडतात, आणि अजून तरी तो तुरुंगात गेलेला नाही. तुरुंगात गेलेला नाही हे शंभर टक्के खरे आहे, आणि नेमके ते खरे वाक्य उच्चारल्यामुळेच माणसाची अब्रू जाते.

ग्राइस यांचे दुसरे उदाहरण शिक्षकी पेशातल्या वाचकांना जवळचे वाटेल. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक शिफारसपत्रात एवढेच लिहितात की त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित हजर असतो. विद्यार्थ्याची बाजू कायमची पडते, आणि पत्रातल्या एकाही शब्दावर बोट ठेवता येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या चौकशीत ‘मुलगा स्वभावाला चांगला आहे हो’ एवढ्यावर शेजारी थांबले, की मुलीकडचे काय ते समजून जातात; तत्त्व तेच. असा अर्थ मागे घेता येतो, हेही ग्राइस यांनी दाखवून दिले आहे. ‘अर्थात, मला तसे म्हणायचे नाही’ अशी पुस्ती जोडली, तर आधीच्या वाक्याशी विसंगती होत नाही. आडून बोलणाऱ्याची मागची खिडकी हीच. तो पकडला गेला, की ‘मी तसे म्हटलेच नाही’ असे म्हणतो, आणि शब्दांपुरते त्याचे खरेच असते.

संस्कृत काव्यशास्त्र वाचलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. अकराव्या शतकात मम्मटाने ‘सूर्य अस्ताला गेला’ या एका वाक्यातून कोणाला काय कळते त्याची यादी दिली आहे: कोणाला वाटते शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, कोणाला संध्या करायला बसावेसे वाटते, कोणी गाईगुरे घराकडे वळवतो, कोणी प्रियकराची वाट पाहू लागते. तिथे सूचित अर्थ हा काव्याचा प्राण, आणि तो ओळखणारा तो सहृदय. इंग्रजीतल्या या क्रियापदांची बरीचशी जडणघडण मात्र संशयाने झालेली दिसते. काव्यशास्त्राला हवा असतो सहृदय. अब्रूच्या खटल्याला हवा असतो जबाबदार इसम.

त्या इसमाचा शोध ज्या शब्दाने घेतला जातो, तो ‘इन्युएंडो’. मुळात हे लॅटिनमधले मान हलवून खुणावण्याचे क्रियापद. इंग्लंडच्या न्यायालयांत बदनामीच्या दाव्यात ‘तो चोर’ असे प्रतिवादीचे शब्द उद्धृत करून मध्येच ‘इन्युएंडो’ लिहीत, आणि पुढे ‘म्हणजे वादी’ असा खुलासा जोडत. कारकुनी खुलाशाचा तो शब्द पुढे सूचक कुत्सितपणाचे नाव बनला, आणि आणखी पुढे चावट विनोदाचेही. द्व्यर्थी संवादांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तो शेवटचा अर्थ समजावून सांगायला नको. कायद्यात मात्र तो अजून जुनेच काम करतो. १९३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, आलेल्या खटल्यात सिरिल टॉली या नावाजलेल्या हौशी गोल्फपटूचे व्यंगचित्र चॉकलेटच्या जाहिरातीत वापरलेले होते, आणि त्याच्या खिशातून चॉकलेटचे पुडके डोकावत होते. चित्रात निंदा काहीच नव्हती. पण हौशी खेळाडूने पैसे घेऊन जाहिरात करणे तेव्हा लांच्छन समजले जाई, आणि ते ज्याला ठाऊक आहे त्याला चित्र काय सुचवते हे सांगायला नको, हा टॉली यांचा मुद्दा मान्य झाला.

त्याआधीचा, १९२९ मधला कॅसिडी यांचा खटला मला जास्त विचारात टाकतो. एका दैनिकाने एक गृहस्थ आणि एक तरुणी यांचे छायाचित्र छापून त्यांचा विवाह ठरल्याचे खाली लिहिले. ही माहिती त्या गृहस्थांनीच दिलेली होती. प्रत्यक्षात ते विवाहित होते. पत्नी वेगळी राहत असे आणि ते अधूनमधून तिच्याकडे येत. पत्नीने दावा लावला की हे वाचून शेजारपाजाऱ्यांना मी लग्नाची बायको नाहीच असे वाटले, आणि तशी साक्ष देणारे परिचितही उभे राहिले. दैनिकाला तिचे अस्तित्वसुद्धा ठाऊक नव्हते. तरी ५०० पौंडांची भरपाई अपिलातही कायम राहिली, कारण लिहिणाऱ्याचा हेतू काय होता याला तिथे महत्त्व नव्हते. वाचणाऱ्याला रास्तपणे काय कळले याला होते. म्हणजे सुचवणारा कोणीच नाही, आणि सुचवले मात्र गेले आहे. आपल्या दंड संहितेतला क तसा सापडत नाही. तिथे हेतू लागतो, किंवा निदान याने अब्रूला धक्का बसेल हे त्याला माहीत असावे किंवा तसे वाटायला कारण असावे लागते. एक कायदा ‘इन्फर’ची बाजू घेऊन उभा आहे, दुसरा ‘इम्प्लाय’ची. एक दिवाणी आणि दुसरा फौजदारी असल्यामुळे ते रास्तच आहे; तुरुंगात घालायचे तर माणसाच्या मनात शिरावेच लागते.

समाजमाध्यमांमुळे हे प्रश्न शिळे होतील असे वाटले होते, झाले उलटेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने, नाव न घेता, एका जुन्या राजकारण्यावर बाललैंगिक अत्याचाराचा आरोप केला. तो आरोप चुकीच्या ओळखीतून झालेला होता हे नंतर उघड झाले. दरम्यान लोक नावाचे तर्क लढवू लागले, आणि ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाच्या तत्कालीन सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांनी ट्विटरवर विचारले, ‘लॉर्ड मॅकअल्पाइन ट्रेंडिंग का आहेत?’, आणि पुढे दोन तारकांच्या मध्ये लिहिले, ‘निरागस चेहरा’. आपण खरोखरच कुतूहलाने विचारले, असे त्यांचे म्हणणे होते. मॅकअल्पाइन यांनी लावलेल्या बदनामीच्या दाव्यात मे २०१३ मध्ये न्या. टगेनडहॅट यांनी ते मानले नाही. नुसता प्रश्नच विचारायचा होता तर ‘निरागस चेहरा’ कशाला जोडला, असा त्यांच्या तर्काचा गाभा. वाचणारा ते शब्द उपरोधिकच समजणार. निरपराध असल्याची ग्वाही दोन शब्दांत स्वतःच देणारा प्रश्न क च्या त्या प्रामाणिकपणाच्या प्रशस्तीचाच सख्खा भाऊ आहे. आपल्याकडच्या ‘सूचक पोस्ट’ आणि ‘नाव न घेता टोला’ या नित्याच्या मथळ्यांखालचा मजकूर याच कसोटीवर घासून पाहिला, तर किती उरेल याचा मी कधीकधी विचार करतो. मथळा लिहिणाऱ्याला नाव माहीत असते, वाचकालाही असते, आणि तरी ते न घेणे हा दोघांमधला जुना करार असतो. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत निदान सून त्याच घरात उभी असते.

राहता राहिले ‘सजेस्ट’. हे क्रियापद सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत निसरडे. वरिष्ठांनी ‘मी सजेस्ट करीन की’ असे म्हटले, की तो हुकूम असतो. त्याचेच विशेषण ‘सजेस्टिव्ह’ झाले, की ते अश्लीलतेकडे झुकते. पण एका ठिकाणी या शब्दाने आडून बोलणे पूर्णपणे टाकून दिले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला ‘सजेशन’ देतात, म्हणजे त्यांच्या पक्षाचे म्हणणे त्याच्या तोंडावर मांडतात: तुम्ही त्या रात्री तिथे नव्हताच, तुमची आरोपीशी बांधाच्या वादावरून दुष्मनी आहे, तुम्ही खोटे बोलत आहात. हे टाळता येत नाही. ज्याला पुढे खोटा ठरवायचे आहे त्याला आधी तसे समोरासमोर विचारले पाहिजे, हे तत्त्व १८९३ मध्ये ब्राउन विरुद्ध डन या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने मांडले आणि ते आपल्याकडेही मानले जाते. साक्षीदाराने नाकारलेली ‘सजेशन’ हा पुरावा नसतो. मात्र साक्ष सहसा निवेदनाच्या रूपात नोंदवली जात असल्याने वकिलांचा प्रश्न कागदावर येत नाही, फक्त उत्तर येते. भाषांतरासाठी माझ्याकडे येणाऱ्या जबान्यांच्या शेवटी ही वाक्ये रांगेने उभी असतात: ‘मी घटनास्थळी हजर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही. फिर्यादी माझा नातेवाईक आहे म्हणून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ अपिलात बसलेल्या न्यायमूर्तींना बचावाची बाजू काय होती, ते या नकारांवरूनच ताडावे लागते.